शेवटची धार

नांदगावच्या खुशालराव पाटलाला पैसा आला आणि त्याची चव गेली, असं माणिकबाई कलालीण म्हणायची. पाटलाच्या तोंडावर नाही म्हणायची, पण फिरत फिरत त्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं नक्की म्हणायची.

आणि तिचं काय चुकत होतं? सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, तिथला कापूस बोटीवर चढेना, विलायतेच्या गिरण्या उपाशी मरायला लागल्या आणि त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. झालं. काल-परवापर्यंत जो माणूस भाकरीवर ठेचा घेऊन बांधावर बसायचा, तो आता अमरावतीच्या बाजारातून छत्री उघडून हिंडायला लागला, तेही माघाच्या थंडीत. खुशालरावानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या, बंडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या. खिशातलं घड्याळ घेतलं. ते बंद पडून चार महिने झाले होते, तरी दर घटकेला काढून बघायचा आणि उशीर झाला म्हणून पुटपुटायचा. कापसाच्या गाठोड्यात सरकी आणि माती कोंबून तो साहेबाला विकायचा आणि साहेब मूर्ख आहे म्हणून हसायचा. हपापाचा माल गपापा होतो, हे त्याला कुणी सांगायचं?

त्या माघात त्याच्या थोरल्या लेकाचं लग्न निघालं. नांदगावात पाटलाच्या घरची वरात निघायची तर आधी शिवेवर जायची. तिथं मरीमायचा दगड. त्या दगडावर पहिल्या धारेची दारू ओतायची, आणि ती दारू गाळणाऱ्या कलालाच्या घरच्या माणसानंच ओतायची. ओतून झाल्यावर ते माणूस 'वाजवा' म्हणायचं, तेव्हा कुठं डफड्यावर टिपरी पडायची. एरवी कलालाच्या दारचं पाणीसुद्धा कुणी पीत नसे. माणिकबाई पाटलाच्या वाड्यात गेली तर ओट्याखाली उकिडवी बसायची. पण त्या एका घटकेला अख्खं गाव, घोड्यावरचा नवरदेव, पाटील, पाटलीण, सगळे तिच्या तोंडाकडं बघत ताटकळायचे. नवरा गेल्यापासून वीस वर्षं हा मान तिच्याकडं होता. शेत नव्हतं, सोनं नव्हतं. हा मान होता.

आणि जीभ होती. माणिकबाईची जीभ पंचक्रोशीत नावाजलेली. दारूचा थेंब तिनं जन्मात घशाखाली उतरवला नाही. जिभेवर घ्यायची, टाळूला लावायची आणि थुंकून टाकायची. तेवढ्यात मोहफुलं कुठल्या डोंगरातली, किती दिवस भिजवली, खाली जाळ बाभळीचा की पळसाचा, सगळं सांगायची. सख्ख्या भावानं मूर्तिजापुरात भट्टी घातली तेव्हा हौसेनं बहिणीला बोलावलं. हिनं चार माणसांत चाखली आणि म्हणाली, म्हैस धुवायला बरी आहे. भाऊ नऊ वर्षं बोलला नाही. लोकांनी समजावलं, बाई, सख्ख्या भावासाठी तरी जिभेला थोडी मुरड घाल. ती म्हणाली, जिभेला मुरड घातली की मग ती जीभ राहत नाही, चिंधी होते.

तिच्या भट्टीची एक रीत होती. दोन मडकी एकमेकांना जोडतात, तो सांधा बाकीचे कलाल चिखलानं लिंपत. माणिकबाईच्या घरी तो उडदाच्या पिठानं लिंपायचा, अगदी सासूच्या सासूपासून. वाफ तसूभर फुटत नाही म्हणून. या रितीत खोड एकच होती. जाळ फार वेळ चालला की ते पीठ भाजायला लागायचं आणि शेवटच्या धारेला भाजक्या पापडाचा वास यायचा. म्हणून तिच्या घरी शेवटची धार कुणाला पाजत नसत. आंबट, पाणचट आणि वर पापड. ती उकिरड्यावर ओतायची, असा सासूचा दंडक होता आणि माणिकबाईनं तो वीस वर्षं पाळला होता.

तर लग्नाला आठ दिवस उरले असताना अकोल्याहून भगवंतराव आला. हा कापसाचा दलाल. पाटलाचा कापूस साहेबाच्या पदरात टाकायचा आणि साहेबाचं काहीबाही पाटलाच्या गळ्यात मारायचा. या वेळी त्यानं एक लाकडी पेटी आणली होती. पेटीत गवत आणि गवतात बारा बाटल्या. ही अमेरिकेची दारू आहे, मुंबईच्या बंदरावरून आणवली, थेट ज्या मुलखाच्या लढाईनं आपण मोठे झालो त्या मुलखाची, असं त्यानं सांगितलं. पाटील हरखला. त्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं की मरीमायला यंदा ही दारू ओतायची. गावठी दारू तिनं पिढ्यान् पिढ्या प्यायली, आता जरा तिचीही चैन होऊ दे. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!

गावातल्या म्हाताऱ्यांना हे रुचलं नाही. मरीमायची चेष्टा कुणाच्या अंगावर येईल याचा नेम नाही, असं ते म्हणाले. तेव्हा पाटलानं तोड काढली. माणिकबाईनंच चाखावी. तिच्या घरच्या पहिल्या धारेपेक्षा ही सरस निघाली तर मान बाटलीचा, नाहीतर मान तिचा. स्वतःच्या मालाविषयीसुद्धा ती खोटं बोलायची नाही, एवढी तिची खात्री पाटलालाही होती. माणिकबाईला निरोप आला तेव्हा ती हसली. अमेरिकेचा कोण कलाल आहे तो बघूच एकदा, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर वाड्याच्या अंगणात बैठक बसली. ओट्यावर पाटील, भगवंतराव आणि गावचे चार जाणते. ओट्याखाली माणिकबाई, तिच्यापुढं निखाऱ्यांची शेगडी, कापसाची वात, पळसाचे द्रोण आणि तिची घरून आणलेली पितळी वाटी. तिच्या मागं तिचा लेक पुंजाराम उभा होता, तिशी ओलांडलेला, गोड बोलणारा. त्याच्या कमरेला नवं उपरणं होतं.

भगवंतरावानं पेटीतली सगळ्यात वरची बाटली स्वतःच्या हातानं काढली. तिच्यावर कागद चिकटवलेला होता आणि कागदावर एका दाढीवाल्याचं चित्र. भगवंतरावानं कागदावरची अक्षरं वाचून दाखवली. बर्बन म्हणतात हिला, म्हणाला, मक्यापासून करतात.

"बर्बन म्हनते का बरबाद?" माणिकबाईनं विचारलं, आणि ओट्यावरचे दोघं तोंडावर हात ठेवून हसले. मग ती म्हणाली की मक्याची कणसं पोरं गुरांमागं भाजून खातात, त्याची दारू काढायची पाळी आली म्हणजे त्या मुलखात लढाई व्हायचीच.

बूच निघालं. वरून द्रोणात धार पडली. रंग तपकिरी, चिंचेच्या कोळासारखा. माणिकबाईनं आधी तळहातावर चोळून वास घेतला. मग वात बुडवून निखाऱ्याला लावली. ज्योत उठली, पण निळी उठून लगेच पिवळी झाली आणि फरफरून विझली. पाणी आहे, ती म्हणाली. मग जिभेवर घेतली, डोळे मिटले, टाळूला लावली आणि बाजूला थुंकली.

सगळं अंगण वाट बघत होतं. माणिकबाईनं घाई केली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला लागली. आधी काकवी लागते, म्हणाली, तेवढ्यानं भोळं माणूस फसतं. मग ओलं लाकूड चावल्यासारखं. मग घशाशी मिरची. आणि मग काहीच नाही. पहिल्या धारेची दारू तोंडातून गेली तरी तिचा वास माणसाबरोबर घरापर्यंत चालत येतो. ही दारातच निरोप घेते. शिवाय ही कोवळी आहे. ज्यानं काढली त्याला विकायची घाई होती. आणि त्याचं भांडं करपलेलं आहे.

भगवंतरावाला इथं संधी मिळाली. तो शहाणपणानं हसला आणि म्हणाला की बाई, तीच तर खुबी आहे, ते लोक लाकडी पिंपं आतून मुद्दाम जाळतात आणि मग त्यात दारू ठेवतात, रंग आणि चव त्यानंच येते.

"आमच्यात सुनेनं भांडं करपवलं तर सासू दोन दिवस उपाशी ठेवते," माणिकबाई म्हणाली. "तिकडं करपवल्याचे पैसे घेते. बरी हाय बाप्पा त्याइची सून."

आता सगळेच मोकळे हसले. पाटलाच्या कपाळावरच्या आठ्या मात्र वाढत होत्या. मग माणिकबाईनं निकाल दिला, आणि तो देताना तिनं त्या परक्या कलालालाही न्याय दिला. हे काढणारा माणूस लबाड नाही, ती म्हणाली. जे टाकलं म्हणतो तेच त्यानं टाकलं आहे, मका तर मका. फक्त गरीब आहे आणि उतावळा आहे. दुकानात अगदी खालच्या फळीवर, जिथं हमालाचा पाय लागतो, तिथं ठेवायची ही दारू. तहानलेल्या खलाशानं प्यावी, विसरून जावी. पण मरीमायपुढं नको.

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एवढ्यावर सगळं मिटलं असतं आणि मान जागच्या जागी राहिला असता. पण नव्या पैशाला 'नाही' ऐकायची सवय नसते. खुशालराव म्हणाला, ही बाटली वाटेत उन्हात तापली असेल, दुसरी फोडा. भगवंतराव लगबगीनं पुढं झाला, म्हणाला, कशाला पाटील, एकीचं पाणी तेच बाराचं. पण पाटलानं त्याचा हात झटकला, गवतात खोल हात घातला आणि अगदी तळची बाटली वर काढली. तसाच कागद, तसाच दाढीवाला. मागं पुंजारामाचं उपरणं सुटलं आणि तो ते पुन्हा बांधायला लागला.

या वेळी पाटलानं आधी स्वतः पेला भरला, मग ओट्यावरच्यांना दिला. मग द्रोणात धार पडली. माणिकबाईनं वास घेतला आणि तिची भुवई जरा हलली. रंग तोच होता, पण तळहातावर चिकटपणा राहिला. जाळलेला गूळ, तिच्या मनात आलं. आणि कात. कुणीतरी रंगवली आहे. तिच्या जिभेवर आता चांगला तिखट शेरा तयार झाला होता आणि तो कधी टाकते असं तिला झालं होतं. तिनं घोट जिभेवर घेतला.

गुळाच्या खाली मका नव्हता. मोह होता. मेळघाटाच्या पायथ्याची फुलं, पाच दिवस भिजवलेली, खाली पळसाचा जाळ. आंबट, पाणचट. आणि टाळूला लावताच, सगळ्यांच्या शेवटी, भाजक्या पापडाचा वास.

ती थुंकायची विसरली. घोट तोंडात तसाच राहिला आणि तिला गेले सहा महिने आठवले. पुंजाराम संध्याकाळच्या आत तिला भट्टीवरून उठवायचा. आई, तू घरी जा, तुझे गुडघे दुखतात, शेवटचा जाळ मी विझवतो, म्हणायचा. आणि ती घरी जाऊन सुनेला, वच्छलाला, कौतुकानं सांगायची की पोराला आता जाण आली. आपल्या आंधळेपणाचा तिला राग आला. तिनं मागं वळून लेकाकडं बघितलं. लेक तिच्याकडं बघत नव्हता. मग ती थुंकली.

ओट्यावर मात्र आनंदीआनंद चालला होता. वा, ही खरी, पाटील म्हणत होता. काय गोडी, काय रंग, साहेब लोक उगीच नाही राज्य करत. जाणत्यांपैकी एक म्हणाला की घशात कशी रेशमासारखी उतरते. दुसऱ्यानं पेला पुढं केला. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण इथं तर गुळाचीच तेवढी चव कळत होती, बाकी काही नाही.

"बोल माणिकबाई," पाटील म्हणाला. "पयली बिघडली होती. ही कशी हाय?"

तिला एक शब्द पुरला असता. हीही तसलीच, एवढं म्हटलं असतं तर खोटंही झालं नसतं. साहेबाची दारू वाईट ठरली असती, मान तिचा राहिला असता, घरची अब्रू घरात राहिली असती. भगवंतराव डोळ्यांनी तेच विनवत होता. पण तिच्या जिभेला अर्धं सांगायची सवय नव्हती, आणि उकिरड्यावरचं पाणी देवीच्या दगडाकडं निघालं आहे या विचारानं तिच्या अंगावर काटा आला होता.

"ही साहेबाची नाई, पाटील. ही माह्या भट्टीची हाय. शेवटची धार. गूळ जाळून रंगवली."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग पाटील मोठ्यानं हसला. त्याच्यामागं सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं भगवंतराव हसला. बघा, तो म्हणाला, पहिलीला नावं ठेवली तोवर ती अमेरिकेची होती, आणि दुसरी आवडली तशी बाईच्या घरची झाली. मान जातो म्हटल्यावर माणूस काय काय बोलतं. मघाशी माना डोलावणारे म्हातारे आता एकमेकांकडं बघून डोळे मिचकावत होते. कागदावर दाढीवाला होता ना? मग झालं. वीस वर्षं ज्या जिभेच्या शब्दावर गाव चाललं ती जीभ एका चिकटवलेल्या कागदापुढं हरली.

माणिकबाईचा अपमान झाला, पण ती डगमगली नाही. तिच्यामागं साक्षीदार उभा होता. ती त्याच्याकडं वळली आणि म्हणाली की पुंजाराम, तू सांग यांना.

पुंजारामानं भगवंतरावाकडं बघितलं, पाटलाकडं बघितलं. मग हात जोडले आणि नेहमीच्या गोड आवाजात बोलला.

"आईची जीभ आता म्हातारी झाली, पाटील. साठी उलटली तिची. तिले आता साऱ्यातच आपली भट्टी लागते. मनावर घेऊ नोका."

अंगणात कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर कीव आली, आणि ती माणिकबाईला हसण्यापेक्षा जास्त झोंबली. तिनं द्रोणातलं उरलेलं पितळी वाटीत ओतलं. वाटी निखाऱ्यावर ठेवायची, बस्स. दोन चटके बसले की भाजक्या पापडाचा वास ओट्यावर चढला असता, पेला हातात असलेल्या प्रत्येकाच्या नाकात शिरला असता. उडदाचं पीठ साऱ्या वऱ्हाडात एकाच कलालाच्या भट्टीला लागतं हे यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग त्या दाढीवाल्याची काय टाप होती?

तिनं वाटी उचलून शेगडीवर धरली आणि पुंजाराम एक पाऊल मागं सरकलेला तिला ऐकू आला.

मागच्याच महिन्यात गाठोडं चोरलं म्हणून पाटलानं एका राखणदाराला बंडीच्या चाकाला बांधलं होतं. चांदीच्या पट्टीच्या चाकाला. तो राखणदार अजून सरळ चालत नव्हता. आणि त्यानं फक्त कापूस चोरला होता. पुंजारामानं पाटलाला, त्याच्या पाहुण्यांना, लग्नाच्या तोंडावर, उकिरड्याचं पाणी पाजलं होतं. भगवंतराव घोड्यावर बसून अकोल्याला निघून गेला असता. दलालाला पाटील हात लावणार नव्हता, कापूस कुणी विकायचा मग? चाकाला बांधला गेला असता तो तिचा लेक. जातीनं वाळीत टाकलं असतं ते तिच्या लेकाला. घरी वच्छलाला सातवा महिना होता.

वाटीच्या बुडाला धग लागायला लागली होती. माणिकबाईनं वाटी खाली घेतली आणि मातीत उपडी केली.

"पोरगा खरं बोलून राहिला," ती म्हणाली. "जीभ म्हातारी झाली. आता मले नोका इचारत जाऊ."

आयुष्यात पहिल्यांदा खोटा निकाल दिला आणि तो सगळ्यांनी बिनबोभाट मानला. पाटील खूश झाला. त्याला मोठेपणा करायची लहर आली. मान कलालाच्या घरातून काढायचा नाही, तो म्हणाला, बाटली माझी, हात पुंजारामाचा, आणि 'वाजवा'ही यापुढं पुंजारामानंच म्हणायचं. म्हातारीला आता विसावा द्या. सगळ्यांनी पाटलाच्या मनाच्या थोरवीची वाखाणणी केली आणि पेले पुन्हा भरले.

मायलेक घरी निघाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोन्हीकडं वेचणी संपलेल्या कापसाच्या पऱ्हाटीची काळी झाडं उभी होती. माणिकबाई पुढं चालत होती आणि पुंजाराम चार पावलं मागून.  मग हळूहळू बोलायला लागला. चूक झाली म्हणाला. मग म्हणाला, पण चूक तरी काय मोठी? पाटील कापसात माती घालतो, भगवंतराव तराजू दाबतो, आम्ही नुसतं फेकायचं ते विकलं. मग अजून थोडं धीट होऊन म्हणाला की भगवंतरावाला आणखी दोन पेट्या हव्या आहेत, अकोल्यात नुसती झुंबड आहे.

माणिकबाई थांबली. तिला ओरडावं असं वाटत होतं, पण आवाज निघाला तो अगदी थकलेला निघाला.

"विकाची तर वीक. माह्या नावानं नोको, त्या दाढीवाल्याच्या नावानं वीक. पण आत पयल्या धारेची भर. देवीपुढं तरी चांगलं पडू दे रे."

पुंजारामानं मान खाली घातली. या वेळी त्याच्या आवाजात गोडवा नव्हता, आणि म्हणूनच तो खरं बोलतो आहे हे तिला कळलं.

"सुरुवातीले पयल्या धारेचीच भरली होती, आई. दोन बाटल्या. तुह्या हातची. अकोल्याच्या लोकायनं परत पाठवल्या."

"काहून?"

"म्हने, हे गावठी लागते. खरी विलायती पाठवा."

   आयुष्यभर माणिकबाई दारू पारखत राहिली आणि पिणाऱ्यांना पारखायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. ते या पोरानं सहा महिन्यांत केलं होतं, आणि बरोबर केलं होतं. तिला रडू आलं. ती तिथंच बांधावर खाली बसली. पुंजाराम उठवायला वाकला, पण तिनं त्याचा हात घेतला नाही.